ट्रंकेतले मथळे



दर अंकात या पानावर मी आपणांस खताचे हप्ते, बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त असल्याच गोष्टी सांगत असतो. आपण त्या वाचता की नाही हे शिवारात फिरताना पिकाकडे बघूनच कळते, तेव्हा त्याबद्दल इथे बोलत नाही. या खेपेस संपादक मंडळाने सांगितले, "साहेब, हंगाम संपलाय, माणसं दमलीत, काही तरी हलकंफुलकं द्या." म्हणून एका ट्रंकेची गोष्ट देतो. ती ऐकता ऐकता उसापर्यंत कशी आली ते माझे मलाच कळले नाही.

माझी थोरली बहीण डोंबिवलीला दिलेली. तिच्या सासऱ्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही तात्याच म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षे नोकरी केली. रोज सकाळी डोंबिवलीहून ठाणे, संध्याकाळी ठाण्याहून डोंबिवली. त्यांची इमारत पुनर्विकासाला निघाली, जागा रिकामी करायची म्हणून ताईने मला सामान हलवायला बोलावून घेतले. शेतकी खात्यातला भाऊ म्हणजे पोती उचलणारा, अशी तिची पक्की समजूत आहे.

पलंगाखालून एक लोखंडी ट्रंक निघाली. दोघांनी ओढली तेव्हा हलली. मला वाटले भांडीकुंडी असतील. उघडून बघतो तर गळ्यापर्यंत वर्तमानपत्रे! ठाणे स्टेशनवर घ्यायचे, गाडीत वाचायचे, आणि एखादा मथळा मनात भरला की तो अंक ट्रंकेत टाकायचा, असा तात्यांचा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा उद्योग. ताई म्हणाली, "उद्या सकाळी रद्दीवाला येतोय, हे सगळं त्याला द्यायचं." तात्या काही बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर मात्र ट्रंकेपाशी येऊन बसले आणि मला म्हणाले, "पाव्हणं, एक खेळ खेळू. मी मथळा वाचणार, खालच्या मजकुरावर हात ठेवणार. पुढे काय झालं असेल ते तुम्ही सांगायचं."

रात्री दोन वाजेपर्यंत हा खेळ चालला. मथळ्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवत नाहीत, अर्थ तेवढा सांगतो.

ट्रंक वरून उघडल्यामुळे नवे अंक आधी आले. पहिलाच निघाला फेब्रुवारी २०२० चा. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रस्ता गुलाबी झाला! त्याच्या खालोखाल जानेवारी २०१४ चा, डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. तात्यांनी हात ठेवला, "सांगा."

मी म्हटलं, सोपं आहे. आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीत ऊस पिवळा-पांढरा पडला की आपण हिराकस फवारतो. इथे ढगच फवारा घेऊन येतायत म्हटल्यावर सभासद मला विचारणार, साहेब, डोंबिवलीचा ढग आपल्या गटावर कधी? मग गटवार ढगांचा कार्यक्रम लावावा लागणार. चेअरमनसाहेबांच्या गावावर दोनदा पडला अशी तक्रार येणार. गुलाबी रस्त्याचे तर फारच बरे. लग्नाच्या वरातीला तिथून मिरवत न्यायचे, मांडव-गुलालाचा खर्च वाचतो.

तात्या हसले आणि हात काढला. खाली रसायनांच्या कारखान्यांचे वर्णन होते. त्या भागातली माणसे डोळ्यांची जळजळ आणि वास यांबद्दल किती वर्षे ओरडत होती ते होते. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हसा तुम्ही. मी वाळत घातलेले कपडे परत धुतलेत." आम्ही तो अंक बाजूला ठेवला.

त्यानंतर पत्रीपुलाचे अंक निघाले. एक नव्हे, चांगला गठ्ठाच. कल्याणचा हा पूल एकशेचार वर्षांचा. ऑगस्ट २०१८ मध्ये तो वाहतुकीला बंद झाला, नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरवला आणि नवा पूल २५ जानेवारी २०२१ ला सुरू झाला. मधल्या काळात "लवकरच" या शब्दाचे मथळे किती आले असतील! तात्यांनी हात ठेवायचाही कंटाळा केला. मी म्हटलं, याचा परिणाम मला पाठ आहे. आमच्याकडे "टोळी उद्या येतेय" म्हणतात ना, त्यातला उद्या आणि तुमच्यातला लवकरच हे सख्खे मावसभाऊ. शहरातल्या माणसाला पुलाची वाट बघायला लावा, मग त्याला ऊसवाल्याचे दुःख कळते. पूल नसला तर माणूस निदान दुसऱ्या रस्त्याने वळसा घालून जातो. ऊस कुठे जाणार?

मग आला २०१५ चा अंक. निवडणुकीच्या तोंडावर कल्याण-डोंबिवलीसाठी साडेसहा हजार कोटींचे पॅकेज! इथे मी तात्यांकडून कागद-पेन्सिल मागून घेतली. हिशेब दिसला की शेतकी खात्याच्या माणसाला राहवत नाही. २०११ च्या खानेसुमारीत महापालिकेची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास भरली होती. म्हणजे डोईला बावन्न हजार रुपये. ताईच्या घरात तेव्हा पाच माणसे, म्हणजे दोन लाख साठ हजार. ताई बाहेर येऊन म्हणाली, "माझे बावन्न हजार कुठायत?" तात्या म्हणाले, "रस्त्यात गेले असतील." दाजी म्हणाले, "मग रस्ता कुठाय?" यावर कोणी हात काढून खालचा मजकूर वाचला नाही, कारण हसण्यातच ती बातमी संपली.

याच सुमाराचा आणखी एक मथळा, सत्तावीस गावे महापालिकेत परत आली. ही गोष्ट मात्र आपल्या माणसाला कळण्यासारखी आहे. १९८३ ला कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा ही गावे तिच्यात गेली, २००२ ला बाहेर आली, २०१५ ला पुन्हा आत. मला डोळ्यांपुढे तिथला एखादा शेतकरी दिसला. रात्री ग्रामपंचायतीत झोपला, सकाळी महापालिकेत उठला. म्हैस तीच, गोठा तोच, पण म्हैस आता नागरी झाली. तिने शेण टाकले तर ते शेणखत की घनकचरा? तलाठ्याला विचारावे तर तो म्हणतो वॉर्ड ऑफिसात जा, वॉर्ड ऑफिस म्हणते ठराव यायचाय. म्हैस आपली दावणीला उभी, आत की बाहेर त्या निकालाची वाट बघत. आपल्याकडे एका गटातले गाव नुसते दुसऱ्या गटात घातले तर दोन हंगाम नोंदींचा घोळ निस्तरत नाही, इथे तर अख्खी गावे येरझाऱ्या घालीत होती.

आता ऑगस्ट २००६. या अंकाला मी दोन्ही हात जोडले. माहीमच्या समुद्राचे पाणी गोड झाले! तात्यांचे शेजारी म्हणे शेवटच्या गाडीने माहीमहून बाटली भरून घेऊन आले होते आणि मजल्यावर प्रत्येकाला चमचा-चमचा तीर्थ वाटले होते.

सभासदहो, जरा विचार करा. समुद्रच गोड झाला तर आपले काय? मी तात्यांना म्हटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या संचालक मंडळाची तातडीची बैठक. विषय क्रमांक एक, ऊस बंद करून माहीमच्या खाडीपासून कारखान्यापर्यंत पाईपलाईन टाकणे. ना लागण, ना बांधणी, ना तोडणी, ना मुकादमाची उचल. पाणी थेट बाष्पीभवनाच्या भांड्यात घ्या आणि पोती भरा. चीफ केमिस्ट नमुना घेऊन समुद्राचा उतारा काढणार. शेतकी विभाग मोडीत, म्हणजे मी घरी. नुसती अडचण एकच, बिल कोणाच्या नावावर काढायचे? तेव्हा एफआरपी नव्हती, किमान वैधानिक किंमत होती. पण ती देताना समुद्राचा सातबारा मागावाच लागणार. आणि भागभांडवलाची कपात करायची कोणाच्या खात्यातून?

तात्यांनी हात काढला. ऐन पावसाळ्याचे दिवस, नदीचे आणि पावसाचे पाणी खाडीच्या तोंडाशी भरपूर आलेले. ते हलके असते, खाऱ्या पाण्यावर काही काळ तरंगते, म्हणून खारटपणा कमी लागला. खाली इशाराही होता की पाणी घाण आहे, पिऊ नका. म्हणजे पाणी साखरेचे गोड नव्हते, विहिरीचे असते तसे गोडे होते. पण "समुद्राचे पाणी खारट लागेना" असा मथळा दिला असता तर शेजारी बाटली घेऊन गेले असते काय? चमचाभर पिऊन त्यांच्या पोटाचे काय झाले ते तात्यांनी सांगितले, इथे देत नाही.

२००३ च्या एप्रिलचा एक खास अंक निघाला, आगगाडीला दीडशे वर्षे झाल्याचा. आपणांस माहीत असेलच, १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी सुटली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, चौतीस किलोमीटरची वाट. पुढच्या वर्षी, १८५४ ला, ती कल्याणपर्यंत गेली. तात्या म्हणाले, "त्या दिवशी मथळा काय आला असता?" मी म्हटलं, "ठाणेकरास आता वेळच वेळ! दिवसाचं काम तासात, उरलेला दिवस काय करावा या चिंतेत लोक." तात्या खो खो हसले. एकतीस वर्षे गाडीच्या दांडीला लोंबकळलेला माणूस. म्हणाले, "तास-सव्वा तास लागला होता त्या गाडीला. आजची धीमी गाडी धरा, तासच लागतो. वाचलेला वेळ कुठं गेला ते मला अजून सापडलेलं नाही." आणि बैलगाडी मोडीत निघेल असेही तेव्हा कोणी म्हटले असेल. त्याला म्हणावे, हंगामात पहाटे चार वाजता आमच्या गव्हाणीवर या आणि रांग मोजा.

ठाण्याला हा वाचायचा आणि हसायचा नाद जुनाच, असे तात्यांचे म्हणणे. १८६६ साली तिथे 'अरुणोदय' निघाले आणि त्याच शतकात 'हिंदुपंच' नावाचे विनोदी पत्रही ठाण्यातून निघत होते. "आपण आज करतोय ते ठाण्यात आजोबा-पणजोबांनी करून ठेवलंय," म्हणाले.

ट्रंक अर्ध्यावर आली तेव्हा २१ सप्टेंबर १९९५ च्या घटनेचा अंक लागला. गणपती दूध पितो! हा मथळा मी तात्यांच्या हातून काढूनच घेतला, कारण त्या गुरुवारी मी स्वतः रांगेत होतो. शाळकरी वय, गावातले देऊळ, हातात दुधाची वाटी. तात्या डोंबिवलीत फडके रोडच्या देवळाच्या रांगेत होते. दोघांनी चमचा सोंडेला लावला, दोघांचे दूध गेले. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवले की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळ होऊन खाली उतरते. पण ते दुसऱ्या दिवशीचे. त्या दिवशी जागोजाग दूध महागले आणि मिळेनासे झाले, तेवढा परिणाम खरा.

उरलेले परिणाम आम्ही जोडले. दूध संस्थेने सभा घेऊन गणरायास ग्राहक सभासद करून घेतले. फॅट कमी लागली तर देवाची तक्रार कोणाकडे करायची यावर वाद झाला. मग मला एकदम आपली आठवण आली. म्हटलं, तात्या, देवाने दुधाऐवजी उसाचा रस घेतला असता तर? राज्यातला प्रत्येक गूळवाला आणि रसवंतीवाला हात जोडून उभा राहिला असता. आणि कारखान्याचे काय झाले असते? गाळपाचे आकडे लिहिताना एक नवा रकाना आला असता, 'नैवेद्यात घट'. आजवर जी घट आपण पाचटावर, उन्हावर आणि काट्यावर ढकलत आलो, ती सगळी त्या रकान्यात गेली असती. ऑडिटरने हात जोडून पान उलटले असते.

आता रात्रीचा एक वाजला होता. ताईने कोरा चहा आणून दिला. ट्रंकेच्या तळाशी कागद पिवळे पडलेले, घडीवर मोडणारे. जुलै १९७९ चा अंक निघाला, स्कायलॅब पडणार.

हे अमेरिकेने १९७३ ला वर सोडलेले अंतराळ-घर. वजन सत्त्याहत्तर टन. ११ जुलै १९७९ ला ते कोसळणार आणि नेमके कुठे ते सांगता येत नाही, असा मामला. माझा तेव्हा जन्म नव्हता. वडिलांच्या तोंडून ऐकलेले आहे, आणि त्या रात्री तात्यांच्या तोंडून दुसरी बाजू ऐकली. तात्या तेव्हा डोंबिवलीत चाळीत राहत. चाळीत एकाने ठरवले की या महिन्याचे भाडे देण्यात अर्थ नाही. दुसऱ्याने साठवलेल्या पैशांची बासुंदी करून सगळ्यांना बोलावले. तिकडे आमच्या गावात, वडील सांगतात, एकाने जत्रेसाठी राखलेला बोकड आधीच कापला. आणि तारीख बघा, ११ जुलै! आडसाली लागणीचे दिवस! सऱ्या पाडून तयार, बेणे तोडून ठेवलेले, आणि आमच्या भावकीतले एक गृहस्थ म्हणे बांधावर बसून राहिले. "पडू दे आधी ते. टिपऱ्या लावायच्या आणि वरून ह्यानं यायचं, कशाला दुप्पट नुकसान?" बेणे वाळले. सोसायटीचे कर्ज फिटले असे त्यांनी मनाने धरले होते, ते मात्र वाळले नाही.

मी म्हटलं, समजा, ते खरोखर आमच्या शिवारात पडले असते. एका एकरात सत्त्याहत्तर टन! त्या शेतकऱ्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात, ऊसभूषण पुरस्काराला शिफारस. तोडणीची गरज नाही, माल आधीच तुकडे होऊन आलेला. काट्यावर मात्र क्लार्क म्हणाला असता, "वरून जळालेला आहे, जळीत ऊस म्हणून कपात करावी लागेल."

खरे काय झाले ते कल्पनेपेक्षा कमी गमतीचे नाही. स्कायलॅब हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने पहिला तुकडा आणून देणाराला दहा हजार डॉलर जाहीर केले होते, तर तिथल्या एस्पेरन्स गावचा सतरा वर्षांचा पोरगा घराजवळ पडलेले तुकडे पिशवीत घालून विमानाने जाऊन बक्षीस घेऊन आला. आणि त्या गावच्या पंचायतीने अमेरिकेच्या अंतराळ संस्थेला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलरचा दंड लावला! तो दंड २००९ साली एका रेडिओवाल्याने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. तीस वर्षे थकबाकी. आपल्या सोसायटीच्या सचिवांनी ही गोष्ट अवश्य वाचावी.

तळाचा शेवटचा अंक ऑगस्ट १९७८ चा होता. तात्यांनी तो हातात घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हा तुमचा." साखर नियंत्रणमुक्त, १६ ऑगस्टपासून.

त्यांनी नेहमीप्रमाणे खाली हात ठेवला. मी काही सांगेना. मग तेच बोलायला लागले. त्यांच्या घरी तेव्हा रेशनची साखर मोजून डब्यात ठेवलेली असायची, पाहुणा आला तर चहात किती घालायची याचा नियम. मथळा वाचून त्यांनी ठाणे स्टेशनवरच पेढे घेतले. खुल्या बाजारात साखर उतरली, डबा भरला, मुलांना साखर-पोळी मिळू लागली. म्हणून तो अंक ट्रंकेत गेला, सुखाची आठवण म्हणून. ट्रंक त्याच अंकाने सुरू झाली.

मी त्यांना आमच्या घरची हकीकत सांगितली. वडील तरुण होते, आजोबा कारभार बघायचे. साखर पडली तसा उसाचा भाव पडला. पुढच्या वर्षी आजोबांनी ऊस मोडून ज्वारी पेरली. असे देशभर कितीतरी जणांनी केले, त्यात १९७९ चा दुष्काळ आला. १९७७-७८ ला देशात चौसष्ट लाख टनांच्या वर साखर झाली होती, ती १९७९-८० ला अडतीस लाखांच्या थोडी वर एवढ्यावर आली. मग साखर कडाडली, आणि डिसेंबर १९७९ मध्ये अर्धेमुर्धे नियंत्रण परत आले. ज्यांनी ऊस मोडला होता त्यांच्याकडे त्या भावाला विकायला काही नव्हते. त्यात आमचे आजोबाही.

तात्या बराच वेळ तो कागद बघत राहिले. म्हणाले, "पेढे घेतले तेव्हा हे डोक्यातच आलं नाही हो. इथं खाली तर बरंच लिहिलंय, मी तेव्हा वाचलंच नसेल."

आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो. रात्रभर तात्या मथळ्याखाली हात ठेवत होते आणि मी हसत होतो. पण माझ्या डोळ्यांपुढे हात नव्हता, कात्री होती.

२०२० चा जून. टाळेबंदी. आपल्यापैकी कित्येकांनी टोमॅटो शेतात सोडले, फुले उकिरड्यावर टाकली. बाजार बंद, पण कारखाने चालू राहिले होते. पाऊसही दोन वर्षे बरा. अशा वेळी एका वर्तमानपत्रात मथळा आला, ऊस हेच हमखास पीक, अशा अर्थाचा. मी तो कापला आणि गटऑफिसच्या फळ्यावर लावला. नोंदी वाढाव्यात हाच हेतू होता, माझे कामच ते. फळ्यावर जागा थोडी होती, म्हणून मथळा आणि वरचे दोन परिच्छेद ठेवले आणि खालचा भाग कापून टाकला. खालच्या भागात लिहिले होते की सगळेच उसाकडे वळले तर येत्या-पुढच्या हंगामात गाळपक्षमता अपुरी पडेल. ते मी वाचले होते. जागा नव्हती, हे आजही खरे आहे. पण कात्री कुठून चालवायची ते मीच ठरवले होते, हेही खरे आहे.

२०२१-२२ चा हंगाम आपण विसरला नसाल. राज्यात एकशे सदतीस लाख टन साखर झाली, विक्रम म्हणून मथळे आले. त्या मथळ्यांच्या खाली आपला ऊस उभा होता. जूनच्या मध्यापर्यंत गाळप चालले. जुलै २०२० ची आडसाली लागण मे २०२२ मध्ये तुटत होती, बावीस महिन्यांचा ऊस, तुरे येऊन पोकळ झालेला, वजन गेलेले. टोळ्यांना खुशाली वेगळी द्यावी लागली. काहींनी फड पेटवून दिले, कारण जळका ऊस तरी आधी जातो.

त्या मे महिन्यात एका सभासदाच्या बांधावर गेलो. भरदुपार. अडीच एकर ऊस आडवा पडलेला. ते मला काही बोलले नाहीत, पाणी दिले. निघताना म्हणाले, "साहेब, फळ्यावरचं ते कात्रण तुम्हीच लावलं होतं ना?" मी हो म्हटले. "बरं," म्हणाले, "मी पोराला तेच वाचून दाखवलं होतं. पोरगा द्राक्षं म्हणत होता." एवढेच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

हे मी तात्यांना सांगितले. आजवर इथे लिहिले नव्हते. संपादकांना हलकेफुलके हवे होते, त्यांनी माफ करावे. तात्या काही बोलले नाहीत, ट्रंकेचे झाकण लावले आणि झोपायला गेले.

सकाळी रद्दीवाला आला. मी आधी त्याच्या काट्याचा शून्य बघितला, सवय जात नाही. ट्रंक रिकामी करून सव्वापन्नास किलो भरले. तात्यांनी स्कायलॅबचा अंक मागे ठेवला, बासुंदीची आठवण म्हणून. १६ ऑगस्टचा मला दिला. "तुमच्या आजोबांच्या नावानं," म्हणाले. गाडीत मी तो मांडीवर पसरून कल्याण येईपर्यंत वाचला, खालच्या जाहिरातींसकट.

तो आता गटऑफिसच्या फळ्यावर आहे. अख्खे पान, घडी न घालता. त्यासाठी खताच्या कंपनीचे कॅलेंडर काढावे लागले. परवा एक सभासद आले, फळ्यासमोर उभे राहून बराच वेळ वाचत होते. वाचून झाल्यावर टोपी काढून डोके खाजवत म्हणाले, "हे समदं खरं साहेब, पण यंदा आडसाली लावू का नको ते सांगा."

मी खुर्ची पुढे केली. चहा सांगितला आणि विचारले, "मार्चअखेर विहिरीला किती परस पाणी होतं?"